खालच्या फळीवरची सर्टिफिकेटं

कुस्रिनीच्या कामाची बँकेत थट्टा व्हायची. "बू कुस, माझ्या रजेच्या अर्जाची मुदत संपली का हो? घातलात की काय यंत्रात?" काउंटरवरच्या पोरी विचारायच्या. तीही हसून म्हणायची, "तुझीच मुदत बघते आधी."

कुठला कागद किती वर्षं ठेवायचा आणि कधी त्याचे तुकडे करायचे, हे बघणं तिचं काम. बँक तशी लहान, प्रांतापुरतीच. सेमारांग शहराच्या उत्तरेला जुन्या बंदराच्या अंगाला, शाखेला लागूनच, तिचं कागदांचं गोदाम होतं आणि कुस्रिनी तिथली प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर ती आणि पहारेकरी पाक तुकिरान, दोघंच. बाईला मानानं बू म्हणायचं, पुरुषाला पाक. ती आली तेव्हा गोदामात उंदीर आणि कागद मिळून राहत होते. एका विधवेला नवऱ्याचं खातं सापडेपर्यंत तिचं दुसरं लग्न लागलं असतं, असं तुकिरान सांगायचा. कुस्रिनीनं वर्षभर खपून सगळं लावलं आणि मुदतींचं एक कोष्टक बांधलं. मुख्य कार्यालयानं ते मंजूर केलं. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो चुकीचाही नव्हता.

वरच्या आणि मधल्या फळ्यांवर चालू कर्जांची तारणं, म्हणजे लोकांच्या घराजमिनींची मूळ सर्टिफिकेटं. हा पहिला वर्ग. खालच्या फळीवर न नेलेली सर्टिफिकेटं. कर्ज फिटलेलं, पण धनी कागद न्यायला फिरकलेलेच नाहीत. कुणी वारलेले, कुणी किनाऱ्यावरची गावं समुद्रानं घेतल्यावर कुठंकुठं पांगलेले. कोष्टकाप्रमाणे ही काही वर्षं इथं ठेवून मग मुख्य कार्यालयाकडे पाठवायची. जाणारीच आहेत, उचलायला सोपी पडतील, म्हणून तिनं ती खालच्या फळीवर दाराजवळ ठेवली होती.

जमीन खचत होती हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या स्वतःच्या घराची फरशी तीनदा उंच करून झाली होती. खिडक्या आता गुडघ्याशी आल्या होत्या आणि नवरा गियोनो स्वयंपाकघरात जाताना रोज चौकटीला डोकं आपटून घ्यायचा. गियोनो शिंपी होता. मशीन त्यानं बाकड्यावर चढवलं होतं आणि स्वतः स्टुलावर चढून बसायचा. गोदाम वरच्या मजल्यावर न्या म्हणून कुस्रिनीनं शाखेचे मॅनेजर पाक इर्वांतो यांना लिहून दिलं होतं. एकदा नाही, दरवर्षी. ते म्हणायचे, "वरचा मजला वजन पेलणार नाही, बू. आणि खालची खोकी तर जाणारच आहेत ना?"

त्या गुरुवारी म्बाह वागिराह, म्हणजे वागिराह आजी, पुन्हा आली.

म्हातारी सायुंगकडच्या एका बुडालेल्या गावातली. गाव म्हणजे आता पाण्यात उभे दहा-बारा खांब आणि एक मशीद. ती मुलीकडे राहून शिंपल्या सोलायची. नवऱ्यानं कोळंबीच्या तळ्यासाठी काढलेलं कर्ज कधीच फिटलं होतं. सर्टिफिकेट मात्र बँकेतच पडून होतं, कारण जमीन बुडाल्यावर कागद आणून करायचं काय? आता समुद्राला अडवणाऱ्या भिंतीवरून जाणारा मोठा रस्ता निघाला होता आणि त्याखाली जाणाऱ्या बुडीत जमिनींनाही भरपाई मिळणार होती. मूळ सर्टिफिकेट दाखवेल त्यालाच. बुधवारपर्यंत.

"न्दुक, आणलं बघ वारसाचं पत्र," म्हातारी म्हणाली. कुस्रिनी पन्नाशीची, तरी तिला ती पोरीसारखं न्दुकच म्हणायची.

कुस्रिनीनं पत्र उलटसुलट पाहिलं. "म्बाह, शिक्का जुन्या गावाचा आहे. ते गाव आता शेजारच्या गावात धरतात. तिथल्या गावप्रमुखाचा शिक्का लागेल."

"गावच जुनं आहे माझं. नवं कुठून आणू? समुद्राला सांगू, नवं काढून दे म्हणून?"

रांगेतली माणसं हसली. कुस्रिनीलाही हसू आलं. तिनं म्हातारीला आत बसवलं, खोक्यातून सर्टिफिकेट काढून दाखवलं. वागिराहला वाचता येत नव्हतं, पण प्लास्टिकच्या आवरणावरून तिनं जागेच्या नकाशावर बोट फिरवलं. "हे तळं. इकडून बांध. बरोबर काढलंय गं."

"सोमवारी शिक्का घेऊन या. लगेच देते. बुधवार लांब आहे."

"आज नाही का देता येत? मी इथंच उभी आहे, तू मला ओळखतेस, मी तुला ओळखते."

"नियम आहे, म्बाह. उद्या तुमचा दीर आला आणि म्हणाला मला द्या, तर?"

"दीर मेला माझा."

"मग पुतण्या."

म्हातारी कुरकुरत उठली. कुस्रिनीनं सर्टिफिकेट जागच्या जागी ठेवलं.

शनिवारी बँक बंद होती. दुपारी कुस्रिनी सोयाबीनचं टेंपे तळत होती, तेवढ्यात तुकिरानचा फोन आला.

"बू, बंदराकडचा बांध फुटला. पाणी आत आलं."

"किती आलंय?"

"माझी खुर्ची तरंगतेय."

गियोनोनं तिला मोटारसायकलवरून जिथवर रस्ता दिसत होता तिथवर सोडलं. पुढं ती चालत गेली. पाणी आधी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला. समुद्राचं पाणी, गटाराचं पाणी, वर डिझेलचा तवंग. तुकिराननं ढकलून ढकलून गोदामाचं दार उघडलं. खालची फळी दिसतच नव्हती. तिथली खोकी फुगून एकमेकांत घट्ट बसली होती आणि पुठ्ठा हाताला चिखलासारखा लागत होता. मधल्या फळीच्या कडेला पाणी टेकलं होतं. सगळ्यात वरची कोरडी होती.

कुस्रिनीनं तिथूनच सरकारी अभिलेखागाराला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी कुणी उचलेल असं तिला वाटलं नव्हतं, पण एका तरुण मुलीनं उचलला.

"बू, आधी जरा दम घ्या, मला नीट ऐकू येत नाही," ती मुलगी म्हणाली. "गठ्ठे उघडू नका. उन्हात तर मुळीच टाकू नका. जसे आहेत तसे प्लास्टिकमध्ये बांधा आणि गोठवा."

"गोठवा?"

"गोठलं की बुरशी धरत नाही आणि शाई पसरत नाही. मग सावकाश एकेक सुकवता येतं. पण आज-उद्यातच. या हवेत त्यानंतर लगदाच हाती लागेल."

"अगं पण एवढं गोठवू कुठं?"

"तुम्ही बंदरात आहात ना, बू? मासे कुठं ठेवतात?"

दुसरा फोन पाक इर्वांतो यांना. ते सोलोला भाचीच्या लग्नात होते, मागून गामेलानची वाद्यं वाजत होती.

"पहिला वर्ग आधी हलवा," ते म्हणाले. "चालू कर्जांची सगळी. वरची, मधली, सगळी."

"पाक, वरची अजून कोरडी आहेत. भिजलीत ती खालची. ती आधी न्यायला हवीत, नाहीतर..."

"संध्याकाळी भरती वाढली म्हणजे? वरची गेली म्हणजे बँकेचं तारण गेलं. जाब कुणाला विचारतील? मला. मग मी तुम्हाला. कोष्टक तुम्हीच बांधलंय ना, बू कुस? पहिला वर्ग पहिला."

कोष्टक खरंच तिनंच बांधलं होतं.

तुकिराननं ओळखीचा पिकअप आणला. चाकं बुडाली होती, ड्रायव्हर शिव्या देत होता. दोघांनी आणि त्यानं मिळून वरची आणि मधली खोकी डोक्यावरून बाहेर काढली. एकदा कुस्रिनी वाकली आणि तिनं पाण्यात हात घालून खालच्या फळीवर चाचपलं. वागिराहचं खोकं दारापासून तिसरं, तिला पाठ होतं. पुठ्ठा फाडून आत हात घातला असता तर ते एक सर्टिफिकेट निघालं असतं. तुकिरान म्हणाला, "काढा ना, बू. कोण बघतंय?" पण गठ्ठा फोडू नका असं ती मुलगी म्हणाली होती, सहीशिवाय एकही कागद बाहेर काढायचा नाही असं कोष्टक म्हणत होतं, आणि पिकअप परत येणारच होता. तिनं हात बाहेर काढला.

कोह गुनार्दी, म्हणजे गुनार्दीदादा, यांचं माशांचं शीतगृह धक्क्याच्या पलीकडे उंचावर होतं. गुनार्दी दारात अर्ध्या चड्डीवर उभे होते, कानाला पेन्सिल लावलेली. पिकअपमधली खोकी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बू, मी कोळंबी ठेवतो. कर्जं ठेवत नाही."

"कोह, दोन-चार दिवस. तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नका, चिखल लागेल. तुमचे कागद कुजले की माझ्याकडे, मग माझे मासे कुजले की तुमच्या तिजोरीत आणू का?" असं म्हणत म्हणत त्यांनी कामगारांना हाक मारली आणि थंडगार खोलीचा एक कोपरा मोकळा करून दिला. "मंगळवारी माल चढवायचा आहे, त्याआधी तपासणीवाले येतात. कागद दिसला तर माझा परवाना गेला. सोमवारी रात्रीपर्यंत, बास."

कुस्रिनीनं त्यांचा हात धरला आणि ती पिकअपकडे पळाली. परतीच्या वाटेवर पाणी बोनेटवरून आलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. भरती चढत होती. समोर रस्ता नव्हताच, नुसतं तपकिरी पाणी आणि त्यातून वर आलेल्या दुकानांच्या पाट्या.

रविवारी पाणी थोडं ओसरल्यावर ती आणि तुकिरान हातगाडी घेऊन गेले. खालची खोकी आता खोकी राहिली नव्हती. हातात धरली की बूड गळून पडायचं. गियोनो अस्तराच्या कापडाचा सगळा तागा घेऊन आला होता, त्यात त्यांनी एकेक गठ्ठा बाळासारखा गुंडाळला. वास असा की तुकिरान दोनदा बाहेर जाऊन ओकला. तेवढी हातगाडी चिखलातून ओढत शीतगृहापर्यंत न्यायला दुपार गेली.

गुनार्दी यांनी एक गठ्ठा उघडून हुंगला आणि मान हलवली. "हे गटार आहे, बू. हे मी कोळंबीशेजारी ठेवू?"

"कोह, हे लोकांचं आहे. काल आणलं ते बँकेचं होतं."

"मग आधी हे का नाही आणलंत?"

कुस्रिनी तिथंच ओल्या फरशीवर बसली. गुनार्दी वैतागून म्हणाले, "कालच्यातलं कोरडं किती आहे?"

"वरच्या फळीचं सगळं."

"मग कोरडं गोठवताय कशाला? माझ्या ऑफिसात टाका ते, वरती. बाहेरची लहान खोली बर्फाच्या लाद्यांची आहे, तपासणीवाले तिकडे फिरकत नाहीत, तिथं हे घाला. पण बांधा नीट. आणि मला धन्यवाद देऊ नका, माझी बायको मला हाकलणार आहे."

असं ते निघालं. पण तोवर एक रात्र आणि एक दिवस गेला होता.

सोमवारी सकाळी बँक उघडायच्या आधीच वागिराह पायरीवर बसलेली होती. नव्या गावप्रमुखाच्या शिक्क्याचं पत्र तिनं रुमालात बांधून आणला होता. कुस्रिनी तिच्याशेजारी खाली बसली आणि कागद भिजल्याचं तिनं तिला सांगितलं.

"भिजलं म्हणजे काय?" म्हातारी म्हणाली. "माझं घर भिजलं, माझा नवरा भिजून मेला, मी रोज भिजते. भिजलेलं दे."

"गोठलंय, म्बाह. सगळा गठ्ठा दगडासारखा आहे. सावकाश सुटेल, आठवडे लागतील."

"बुधवार आहे न्दुक, परवा."

"माहीत आहे."

"तू म्हणाली होतीस, बुधवार लांब आहे."

कुस्रिनीला वाटलं, म्हातारीनं ओरडावं, शिव्या द्याव्या. ती ओरडली नाही. रुमाल परत गाठ मारून बांधत राहिली, सोडत राहिली.

अभिलेखागारातल्या मुलीनं नको नको म्हटलं तरी कुस्रिनीनं त्या दुपारी तो एक गठ्ठा शीतगृहातून घरी आणला. गियोनोनं कापायच्या टेबलावरचं सगळं खाली ढकललं, पंखा लावला. मंगळवारी दुपारपर्यंत गठ्ठा कडेकडेनं सुटू लागला. गियोनो शिवणीतला धागा काढावा तसा पातळ पट्टीनं एकेक पान वेगळं करत होता आणि कुस्रिनी ते कापडावर घेत होती. काही सर्टिफिकेटं बऱ्यापैकी निघाली. डाग पडलेली, पण नाव, नंबर, शिक्का शाबूत. वागिराहचं प्लास्टिकच्या आवरणात होतं. त्या आवरणानंच घात केला. पाणी आत शिरलं आणि आतच राहिलं. नाव जिथं होतं तिथं निळा डाग, नंबर जिथं होता तिथं काळा. शिक्क्याचा लाल रंग नकाशावर पसरला होता. बांधाची एक रेघ तेवढी दिसत होती.

"फुंकर मारू नकोस," गियोनो म्हणाला. ती नकळत फुंकर मारत होती.

बुधवारी ती वागिराहला घेऊन जमीन कार्यालयात गेली. खिडकीवरचा अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं तो कागद दोन्ही हातांनी धरून उजेडात पाहिला.

"बू, हे काय आहे ते मला कळतंय. पण नंबर कुठाय? नंबराशिवाय मी कशात शोधू? त्या भागाच्या नोंदींची कपाटं तर सगळी नंबराप्रमाणं आहेत."

"नावावरून शोधा."

"शोधता येईल, पण महिना लागेल. आज शेवटचा दिवस आहे." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "बँकेच्या कर्जाच्या फाईलीत झेरॉक्स असेल की! तेवढी आणा, मी पाचपर्यंत थांबतो."

कर्ज फिटून दहा वर्षं झाली की फाईल नष्ट करायची. वागिराहच्या नवऱ्याची फाईल दोन वर्षांपूर्वी यंत्रात गेली होती. नष्ट केल्याच्या पत्रावर खाली सही तिची होती. मूळ सर्टिफिकेट अजून आपल्याकडेच पडून आहे, तोवर झेरॉक्स तरी राहू द्यावी, हे कोष्टक बांधताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

"नाही," ती म्हणाली. "नाही ती आता."

वागिराह एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "काय म्हणतोय गं तो?"

अधिकाऱ्यानं उशिराचा अर्ज लिहून घेतला. कुस्रिनीनं बँकेतर्फे काय झालं ते सगळं खरं लिहून दिलं, त्यात स्वतःचं नावही घातलं. त्याचं उत्तर येईपर्यंत पाऊसकाळ संपला. मुदतीनंतरचा दावा, सबब नामंजूर. माणुसकीची मदत म्हणून कार्यालयानं वागिराहला थोडी रक्कम दिली, तिच्यात मुलीच्या घराची फरशी एकदा उंच करून झाली आणि संपली. त्याच गठ्ठ्यातल्या इतर काहींची सर्टिफिकेटं वाचता येण्याजोगी निघाली होती. कुस्रिनी आणि तुकिराननं बुधवारच्या आत पत्ते हुडकून, दारोदार जाऊन, नियमाबाहेर ती हातात दिली होती. त्यांना भरपाई मिळाली. एकानं तर कुस्रिनीला कोंबडी आणून दिली. तिला ती कापवेना, गियोनोनं शेजाऱ्यांना देऊन टाकली.

मुख्य कार्यालयाला मात्र ती कागद वाटल्याची भानगड कळलीच नाही. त्यांनी पहिला वर्ग वाचवला म्हणून बैठकीत तिचं नाव घेतलं आणि भाताचा कुकर भेट दिला. पाक इर्वांतो टाळ्या वाजवत होते. घरी येताना तिनं कुकर तुकिरानच्या खुर्चीवर ठेवून दिला. तिनं कोष्टकात बदल लिहून दिले. मूळ सर्टिफिकेट घरी पोचेपर्यंत झेरॉक्स फाडायची नाही, न नेलेली आपण होऊन पोचवायची. पाक इर्वांतो यांनी वाचून सही केली. म्हणाले, "पुढच्या वर्षापासून." गोदाम वरच्या मजल्यावर गेलं. वजन त्यानं पेललं.

मग एक दिवस वागिराह आली आणि म्हणाली, "माझा कागद दे."

"म्बाह, त्याचं आता काही होणार नाही."

"माहीत आहे. पण तुझ्याकडे ठेवला तर तू फाडशील. त्याचीही मुदत असेल ना काहीतरी?"

म्हातारी हे टोचून बोलली की साधंच विचारलं, ते कुस्रिनीला कळलं नाही. तिनं पावती केली, वागिराहनं अंगठा दिला. प्लास्टिकची पिशवी म्हातारीनं नको म्हणून सारली. "वारा लागू दे त्याला." कुस्रिनी तिला धक्क्यापर्यंत सोडायला गेली. होडीवाला नेहमीपेक्षा जास्त मागत होता, त्याच्याशी दोघींनी मिळून भांडून घेतलं. होडीत एक पाय टाकून म्हातारी थांबली.

"चल ना. जागा दाखवते. तू नुसता कागद बघितलास."

कुस्रिनीच्या पायातली चप्पल बँकेत घालायची, अंगावर गणवेश. तरी ती बसली. होडी खांबांमधून, मशिदीच्या मागून गेली. एका जागी वागिराहनं होडीवाल्याला थांबायला सांगितलं. तिथं पाणीच पाणी होतं, एक बांबू तिरका उभा होता आणि त्यावर एक बगळा.

"चार रोवले होते आम्ही कोपऱ्यांना. हा एकच राहिला. इथं चूल. तिथं तळं, तुझ्या कागदात होतं ते. आणि तू बसलीस ना, तिथं मोरी होती," असं म्हणून म्हातारी खुदकन हसली.

कुस्रिनीला आवरेना. इतके महिने बँकेत, घरात, जमीन कार्यालयात कुठंच तिला रडू आलं नव्हतं. ती होडीच्या काठाला धरून ओणवी झाली आणि हुंदके देऊ लागली.

"गप गं," वागिराह तिच्या पाठीवर थापटत म्हणाली. "खारं पाणी कमी आहे का इथं?"

होडीवाल्यानं ओहोटी लागल्याचं सांगितलं आणि होडी वळवली.